एअर कूलर की लिक्विड? सांगलीतल्या एका नेहमीच्या प्रश्नामागचा इतिहास

उन्हाळा लागला की सांगली-मिरजेतल्या कॉम्प्युटरच्या दुकानांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो: "नवीन पीसी असेंबल करतोय, एअर टाकू की लिक्विड?" म्हणजे तापणारा प्रोसेसर (संगणकाची मुख्य चिप) थंड ठेवायला हवेवरचा कूलर घ्यायचा की पाण्यावरचा. विचारणारा कधी वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणारा मुलगा असतो, कधी लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा, कधी घरूनच काम करणारा आर्किटेक्ट. त्याला मिळणारी उत्तरं मात्र दोनच ठरलेली. "लिक्विड घे, भारी असतं," किंवा "लिक्विडच्या नादाला लागू नको, लीक होतं." ही दोन्ही उत्तरं चुकीची नाहीत, पण ती दोन वेगवेगळ्या काळांतून आलेली आहेत. आज घरच्या टेबलावर ठेवायच्या यंत्राला ती किती लागू पडतात हे कळायला थोडं मागं जावं लागतं.

संगणक जेवढी वीज खातो, ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. १९४६ साली अमेरिकेत जगापुढे आलेल्या एनिॲक या संगणकात सुमारे १८,००० व्हॉल्व्ह (बल्बसारख्या काचेच्या नळ्या) होते आणि तो दीडशे किलोवॉटच्या आसपास वीज घ्यायचा. तो थंड ठेवायला मोठाले ब्लोअर लावले होते, म्हणजे पद्धत हवेचीच. पुढं ट्रान्झिस्टर आले, मग ते एका चिपवर दाटीवाटीनं बसू लागले आणि उष्णता कमी जागेत एकवटली. हवा कमी पडायला लागली ती तिथं. एकूण उष्णतेपेक्षा ती किती जागेतून बाहेर काढायची, हाच या विषयातला खरा पेच आहे.

पाणी इथं कामाला आलं, कारण उष्णता वाहून नेण्यात हवा त्याच्या जवळपासही येत नाही. एक लिटर पाणी एक अंशानं तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात साडेतीन हजार लिटरच्या आसपास हवा एक अंशानं तापते. आयबीएमनं साठच्या दशकातच आपल्या मोठ्या यंत्रांत पाणी खेळवलं. १९८० साली जाहीर झालेल्या त्यांच्या ३०८१ मध्ये तर प्रत्येक चिपवर स्प्रिंगनं दाबलेला धातूचा दट्ट्या, आजूबाजूला हेलियम वायू आणि वरून गार पाणी अशी रचना होती. सेमोर क्रे यांचा १९७६ चा क्रे-१ हा सुपरकॉम्प्युटर वातानुकूलन यंत्रांतल्या फ्रिऑनवर थंड व्हायचा. १९८५ च्या क्रे-२ मध्ये तर सगळे सर्किट बोर्ड फ्लोरिनर्ट नावाच्या, वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवून ठेवले होते. "लिक्विड म्हणजे भारी" ही समजूत अशा यंत्रांमुळे तयार झाली, आणि त्या यंत्रांपुरती ती खरीच होती.

त्यानंतर जे घडलं ते फारसं सांगितलं जात नाही. माझ्या मते या इतिहासातलं सगळ्यात महत्त्वाचं वळण तेच आहे. त्या काळच्या वेगवान यंत्रांतले बायपोलर ट्रान्झिस्टर काम नसतानाही वीज ओढत राहायचे. सीमॉस पद्धतीच्या चिपला मुख्यतः चालू-बंद होण्याच्या क्षणीच वीज लागते. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आयबीएमनं आपले मेनफ्रेम, म्हणजे मोठ्या संस्थांचे मोठे संगणक, सीमॉसवर नेले आणि पाण्याचे पाइप काढून परत पंखे बसवले. कूलरमध्ये काही जगावेगळी सुधारणा झाली नव्हती, चिपच बदलली होती. तेव्हापासून हे चक्र फिरत आलंय: चिप हवेच्या आवाक्याबाहेर गेली की लोक पाण्याकडे वळतात, आणि चिप बनवण्याची रीत सुधारली की हवा पुन्हा पुरेशी होते.

घरचा संगणक या चक्रात फार उशिरा आला. १९८१ च्या आयबीएम पीसीतल्या ८०८८ प्रोसेसरवर हीटसिंकसुद्धा, म्हणजे उष्णता हवेत सोडणारा धातूचा पत्रेदार ठोकळासुद्धा, नव्हता. आपल्याकडं नव्वदच्या दशकात संगणक एसीच्या खोलीत असायचा आणि आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागायच्या, हे अनेकांना आठवत असेल. त्या काळच्या बऱ्याचशा पीसींना एसीची तेवढी गरज नव्हती. धूळ लागू नये हा त्या शिस्तीचा खरा फायदा होता. ४८६ या प्रोसेसरच्या शेवटच्या पिढ्यांना हीटसिंक लागायला लागला. १९९३ च्या पहिल्या पेंटियमनं १५ वॉटच्या आसपास मजल मारली आणि प्रोसेसरवर छोटा पंखा दिसू लागला. २००१ मध्ये एमएस-सीआयटी सुरू झालं, गावोगावी सेंटर निघाली, तोवर तो पंखा इतका नेहमीचा झाला होता की त्याचा कुणी वेगळा विचार करत नव्हतं.

घरगुती लिक्विड कूलिंगची सुरुवात हौशी लोकांनी केली. १९९८ चा सेलेरॉन ३०० ए हा ३०० मेगाहर्ट्झचा स्वस्त प्रोसेसर बसचा (प्रोसेसरला बाकी संगणकाशी जोडणाऱ्या मार्गाचा) वेग ६६ वरून १०० केला की ४५० वर पळायचा. ते कळल्यावर वेग आणखी किती ओढता येईल याची चढाओढच लागली. बाजारात तयार सामान फारसं नसल्यामुळे मत्स्यपेटीचा पंप, मोटारीच्या हीटरचा छोटा रेडिएटर, प्लॅस्टिकची नळी आणि घरी घासून केलेला तांब्याचा ठोकळा अशी जुळवाजुळव व्हायची. तांबं आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात आले की ॲल्युमिनियम गंजतं, हे अनेकांना नुकसान झाल्यावरच समजलं. जोड सुटायचे आणि पाणी थेट मदरबोर्डवर यायचं. कंपन्यांचीही यातून सुटका झाली नाही. ॲपलनं २००४ मध्ये काढलेल्या २.५ गिगाहर्ट्झच्या पॉवर मॅक जी-५ मध्ये द्रव कूलिंग होतं आणि पुढं त्यातली काही यंत्रं गळून खराब झाली. "लीक होतं" हे दुसरं उत्तर या दिवसांचं आहे.

२००४ हे साल आणखी एका कारणानं लक्षात ठेवावं असं. इंटेलच्या प्रेस्कॉट जातीच्या पेंटियम-४ प्रोसेसरची उष्णता ११५ वॉटपर्यंत गेली. ट्रान्झिस्टर इतके बारीक झाले होते की बंद असतानाही त्यांतून वीज झिरपत होती. वेग वाढवत न्यायचा रस्ता तिथं खुंटला. त्याच वर्षी मे महिन्यात इंटेलनं टेजस हा पुढचा प्रोसेसर रद्द केला, आणि २००६ मध्ये आलेले कोअर-२ ड्युओ बहुतांशी ६५ वॉटवर आले. चक्र पुन्हा फिरलं. घरच्या बहुतेक पीसींना प्रोसेसरच्या डब्यातून मिळणारा कूलर परत पुरू लागला.

या धावपळीतून दोन वस्तू मात्र कायमच्या मिळाल्या. एक हीट पाइप. जनरल मोटर्समधल्या रिचर्ड गॉगलर यांनी चाळीसच्या दशकात तिचं पेटंट घेतलं होतं, पण ती तशीच पडून राहिली. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या जॉर्ज ग्रोव्हर यांनी ती स्वतंत्रपणे पुन्हा शोधली आणि अवकाशयानांत तिचा उपयोग सुरू झाला. तांब्याच्या बंद नळीत अगदी थोडं पाणी असतं आणि हवा काढून घेतलेली असते. प्रोसेसरकडच्या टोकाला पाण्याची वाफ होते, ती वरच्या पत्र्यांकडं जाते, तिथं निवून पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र थरातून खाली झिरपत येते. ना पंप, ना वीज. आज दोन-अडीच हजारांत मिळणाऱ्या टॉवर कूलरमध्येही (पत्र्यांचा उभा मनोरा आणि त्याला पंखा) अशा चार-चार नळ्या असतात. म्हणजे ज्याला आपण एअर कूलर म्हणतो त्याच्या पोटातही पाणीच काम करतं! ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआचा २०१४ मधला एनएच-डी१५ हा या घराण्यातला भरभक्कम नमुना, पंख्यांसह सव्वा किलोच्या वर वजनाचा.

दुसरी वस्तू कारखान्यातच भरून सील केलेला लिक्विड कूलर, म्हणजे एआयओ (ऑल-इन-वन). डेन्मार्कच्या असेटेकनं पंप थेट प्रोसेसरवरच्या तांब्याच्या पट्टीवरच बसवला, आणि त्यांनी बनवलेला कॉर्सेअरचा एच-५० हा २००९ चा मॉडेल घरोघर पोचला. पाणी भरायची कटकट गेली, गळतीचं प्रमाण खूपच घटलं. शून्य झालं असं मी म्हणणार नाही. रबरी नळीतून द्रव वर्षानुवर्षं अगदी सूक्ष्म प्रमाणात उडत राहतो आणि पंप झिजतो. म्हणून एअर आणि लिक्विडमधला आजचा खरा फरक गळतीचा नसून आयुष्याचा आहे. टॉवर कूलरचा पंखा गेला तर सांगलीत संध्याकाळपर्यंत दुसरा मिळतो. एआयओचा पंप गेला तर अख्खा कूलर काढावा लागतो, आणि वॉरंटीतून बदली येईपर्यंत पीसी बंद.

आपल्या जिल्ह्याला हा वाद नवा वाटायला नको. किर्लोस्करवाडीत १९१० पासून कारखाना उभा आहे, पंप हा इथल्या ओळखीचा भाग आहे, आणि पाणी उपसायच्या इंजिनांच्या काळात शेतकरी हाच हिशेब करायचे. मळीच्या रानात नदीकाठी कायम बसवलेलं इंजिन पंपाच्याच पाण्यावर थंड ठेवता यायचं. या विहिरीवरून त्या विहिरीवर न्यायचं असेल तर एअर कूल्ड सोयीचं पडायचं. काम किती, जागा कोणती आणि दुरुस्तीला माणूस किती लांब, यावर इंजिन ठरायचं.

आता सांगलीच्या उन्हाचं. एअर असो की लिक्विड, दोन्ही शेवटी उष्णता टाकतात ती खोलीतल्या हवेतच. त्यामुळे खोलीच्या तापमानाखाली दोघांपैकी कुणीच जाऊ शकत नाही. इंटरनेटवरच्या चाचण्या बहुधा २०–२५ अंशांच्या खोलीत झालेल्या असतात. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि स्लॅबखालच्या वरच्या मजल्यावर दुपारी ३८ अंश सहज असतात. समजा, एक टॉवर कूलर दर वॉटमागं पाव अंश वाढू देतो. २५० वॉट खाणारा प्रोसेसर २२ अंशांच्या खोलीत ८४–८५ वर राहील. तोच कूलर, तोच प्रोसेसर आपल्या माडीवर शंभरी गाठेल आणि स्वतःला वाचवायला वेग कमी करेल. दर वॉटमागं ०.२ अंशाचा मोठा एआयओ तिथंच ८८ वर थांबेल. प्रोसेसर ६५ वॉटचा असेल तर मात्र दोघांत फरक पडतो तीनेक अंशांचा. तेवढ्यासाठी सहा-सात हजार रुपये घालण्यात मला काहीही अर्थ दिसत नाही.

एआयओची एक बाजू प्रामाणिकपणे मांडायलाच हवी. आजची मोठी ग्राफिक्स कार्डं प्रोसेसरपेक्षा जास्त तापतात. २०२२ च्या आरटीएक्स ४०९० ची मर्यादा ४५० वॉटची आहे. ती उष्णता कॅबिनेटमध्येच सुटते आणि टॉवर कूलरला तीच गरम हवा घ्यावी लागते. एआयओचा रेडिएटर, म्हणजे पाण्यातली उष्णता हवेत सोडणारी जाळी, कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला लावला तर त्याला खोलीतली ताजी हवा मिळते. रात्रभर व्हिडिओ रेंडर लावणाऱ्यासाठी हा फायदा मोठा आहे. जो दिवसातून दोन तास गेम खेळतो आणि बाकी वेळ अभ्यास करतो, त्याला तो जाणवायचा नाही.

धुळीपुढं दोघंही सारखेच. ऊस तोडीच्या हंगामात पाचट पेटलं की काजळी घरात येते, रस्त्याकडेच्या घरांत धूळ बारमाही. टॉवरच्या पत्र्यांत असो की रेडिएटरच्या जाळीत, ती साचली की कूलर कितीही महाग असला तरी निम्मा होतो. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरावं; मोकळा सोडला तर तो वेड्यासारखा फिरून बेअरिंग खराब होतं. रेडिएटरची जाळी टॉवरच्या पत्र्यांपेक्षा बारीक असते, ती जास्त वेळा बघावी लागते. स्वतः नळ्या जोडून कस्टम लूप करणाऱ्यांनी कृष्णाकाठच्या क्षारपड पट्ट्यातलं बोअरचं पाणी त्यात चुकूनही घालू नये, क्षार साचून बारीक खाचा बुजतात. कूलंटच घ्यावं.

चक्र सध्या पुन्हा पाण्याच्या दिशेनं फिरतंय. एएमडीनं २०१३ मध्येच २२० वॉटचा एफएक्स-९५९० काढला होता. २०२२ मध्ये इंटेलच्या १३९०० के ची कमाल मर्यादा २५३ वॉट झाली, आणि त्याच वर्षीचा रायझन ७९५० एक्स तर भार आल्यावर ९५ अंशांपर्यंत जाईल असाच बनवलाय. डेटा सेंटरमध्ये एआयच्या यंत्रांचा एकेक रॅक (यंत्रं रचलेलं कपाट) शंभर किलोवॉटच्या पुढं गेल्यामुळे तिथं द्रवाशिवाय भागत नाही. मात्र याच काळात ६५ वॉटचे प्रोसेसरही इतके वेगवान झालेत की घरातली नेहमीची कामं, बहुतेक गेम, कोडिंग आणि साधं एडिटिंग त्यांच्यावर सहज होतं. २५० वॉटचा प्रोसेसर घेतलाच असेल तरी बायोसमध्ये, म्हणजे पीसी चालू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये, त्याची वीज १२५ वॉटवर बांधता येते. वीज निम्मी केली म्हणून वेग निम्मा होत नाही, त्याहून पुष्कळ कमी घटतो, आणि आधी शंभरी गाठणारा तोच टॉवर कूलर ३८ अंशांच्या खोलीत सत्तरीच्या आत राहतो. मे महिन्यात तेवढं करून पावसाळ्यात मर्यादा परत वाढवता येते, त्यासाठी कूलर बदलायची गरज नाही.