वसईचे बिशप आणि वसईवरचे बिशप

मे २०२४मध्ये वसईच्या कॅथलिक धर्मप्रांताला तिसरे बिशप मिळाले. आर्चबिशप फेलिक्स मच्याडो यांचा राजीनामा पोप फ्रान्सिस यांनी स्वीकारला आणि त्यांच्या जागी वसईचेच फादर थॉमस डिसोजा यांची नेमणूक केली. बातमी वाचून अनेकांना एक साधा प्रश्न पडला असेल. ज्या तालुक्यात सोळाव्या शतकापासून चर्चेस उभी आहेत, तिथे २०२४मध्ये अवघे तिसरे बिशप कसे? मग आधीची साडेचारशे वर्षं वसईला बिशप नव्हते का?

होते. पण ते कधी गोव्याला बसत, कधी त्यांच्या पदवीत दमणचं नाव असे, पुढे ते मुंबईला राहू लागले. वसईची गावं जागची हलली नाहीत, त्यांच्यावरचा बिशप मात्र दर काही पिढ्यांनी बदलत गेला. त्याला श्रद्धेपेक्षा राजकारण अधिक कारणीभूत होतं.

गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने डिसेंबर १५३४मध्ये वसई पोर्तुगिजांना दिली. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, नोव्हेंबर १५३४मध्ये, पोप तिसरे पॉल यांनी गोव्याचा धर्मप्रांत जाहीर केला होता. या धर्मप्रांताची हद्द आज वाचताना हसू येतं: आफ्रिकेच्या दक्षिण टोकापासून थेट चीनपर्यंत. या अफाट प्रदेशाचे बिशप गोव्यात, आणि वसई त्यातला एक ठिपका. १५५७मध्ये गोवा महाधर्मप्रांत, म्हणजे आर्चबिशपांचा वरच्या दर्जाचा धर्मप्रांत, झाला तरी वसई त्याच्याकडेच राहिली.

इथे ‘पाद्रोआदो’ नावाची व्यवस्था समजून घ्यावी लागते, कारण पुढची चारशे वर्षं तीच नडणार आहे. पोपनी पोर्तुगालच्या राजाशी केलेला हा करार होता. राजाने नव्या मुलखात चर्चेस बांधायची, त्यांचा आणि धर्मगुरूंचा खर्च उचलायचा. त्या बदल्यात तिथला बिशप कोण असावा हे राजाने सुचवायचं आणि पोपनी शिक्कामोर्तब करायचं. थोडक्यात, वसईतल्या चर्चचा कारभार रोमहून कमी आणि लिस्बनहून जास्त चाले.

पोर्तुगीज अमलात वसई ही त्यांच्या ‘उत्तर प्रांता’ची राजधानी होती. संन्याशांच्या संघांपैकी फ्रान्सिस्कन आधी आले. अंतोनियो दो पोर्तो हे त्यांच्यातलं मोठं नाव. मागोमाग जेज्वीट, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन आले. या संघांच्या चर्चेसचे अवशेष वसईच्या किल्ल्यात आजही हिंडून पाहता येतात. धर्मांतरं झाली, देवळं पाडली गेली, सवलती आणि सक्ती दोन्ही वापरली गेली. यातलं काहीही झाकण्याचं कारण नाही. पण त्याच काळात इथली गावं आपली बोली, आपला पेहराव, आपल्या लग्नाच्या रीती घेऊनच ख्रिस्ती झाली. सामवेदी, वाडवळ, कोळी हे भेद चर्चच्या आतही टिकले.

किल्ल्यातल्याच जेज्वीटांच्या हाताखाली शिकलेला एक मुलगा म्हणजे गोन्सालो गार्सिया. वडील पोर्तुगीज, आई इथली. जपानला गेला, तिथे व्यापारही केला, पुढे मनिलात फ्रान्सिस्कन बंधू झाला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला २५ जणांबरोबर क्रुसावर मारला गेला. १८६२मध्ये पोप नववे पायस यांनी या २६ जणांना संतपद दिलं. भारतात जन्मलेला हा पहिला कॅथलिक संत. हिशेब पाहा: वसईला संत मिळाला १८६२मध्ये आणि स्वतःचा बिशप त्यानंतर १३६ वर्षांनी!

मे १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. हा भाग मराठी वाचकाला तोंडपाठ असतो. नाशिकची नारोशंकराची घंटा, भीमाशंकरची घंटा, मेणवलीची घंटा या सगळ्या त्या मोहिमेच्या खुणा. मात्र घंटा गेल्यावर चर्चेसचं आणि तिथल्या माणसांचं काय झालं, हे फारसं सांगितलं जात नाही.

पोर्तुगीज फौजेबरोबर गोरे संन्यासी गेले. संघांची वैभवशाली चर्चेस ओस पडली. खेड्यांतले ख्रिस्ती शेतकरी आणि कोळी मात्र कुठे जाणार? ते राहिले, आणि त्यांच्यासाठी गोव्याहून एतद्देशीय धर्मगुरू येऊ लागले. १७६०मध्ये अँकेतिल द्युपेराँ हा फ्रेंच प्रवासी ठाणे-साष्टी भागातून गेला, तेव्हा मराठ्यांच्या राज्यात चर्चचा सण उघडपणे, गर्दीत साजरा होताना त्याने पाहिला. वसईच्या बाबतीतली गंमत अशी की, राज्य पेशव्यांचं होतं, पण इथल्या ख्रिस्ती माणसाचे धर्मप्रमुख पेशव्यांच्या शत्रूच्या मुलखात, गोव्याला बसत होते. पेशव्यांनी ही व्यवस्था चालू दिली. माझ्या मते वसईतल्या ख्रिस्ती समाजाचा खरा कस याच काळात लागला. राजाश्रय संपलेला, युरोपियन पाद्री गेलेले, धर्मांतरामागचं आमिषही नाही आणि धाकही नाही, तरी समाज टिकला. पोर्तुगिजांनी दोनशे वर्षांत काय उभारलं याचे ग्रंथ भरपूर आहेत. त्यांच्या मागे लोकांनी काय सांभाळलं यावर त्या मानाने फार थोडं लिहिलं गेलं आहे.

दरम्यान शेजारच्या मुंबई बेटावर वेगळंच महाभारत सुरू होतं. धर्मप्रसाराचं काम राजांच्या हातून सोडवून घेण्यासाठी रोमने १६२२मध्ये ‘प्रोपागांडा’ हा विभाग काढला होता. त्याने भारतात आपले स्वतंत्र प्रतिनिधी नेमायला सुरुवात केली. १६३७मध्ये या कामी नेमलेले मातेउस द कास्त्रो हे मूळ गोव्याच्या ब्राह्मण कुटुंबातले होते, आणि गोव्याच्या आर्चबिशपांशी त्यांचं कधीच पटलं नाही. १७२०मध्ये इंग्रजांनी मुंबईतल्या पोर्तुगीज पाद्र्यांना घालवून तिथली चर्चेस रोमने पाठवलेल्या कार्मेलाइट संन्याशांकडे दिली. पुढे पोर्तुगीज पक्षाने पुन्हा दावा लावला आणि १७९४पासून मुंबईत एकाच बेटावर दोन धर्मसत्ता नांदू लागल्या. काही चर्चेस गोव्याच्या आर्चबिशपांची, काही रोमच्या प्रतिनिधीची.

१८३८मध्ये पोप सोळावे ग्रेगरी यांनी भारतातले पाद्रोआदोचे बरेचसे अधिकार काढून घेतले. गोव्याच्या बाजूने तो आदेश मानलाच नाही. भांडण इतकं चिघळलं की १८५३मध्ये माहीमचं सेंट मायकल चर्च हातचं जाऊ नये म्हणून रोमचे प्रतिनिधी बिशप अनास्तासियस हार्टमन स्वतः आपल्या माणसांसह आत ठाण मांडून बसले आणि बाहेर विरोधकांचा वेढा पडला. दोन्हीकडचे लोक कॅथलिक, मिस्सा (उपासना) एकच, क्रूसही एकच. वाद होता तो चर्चच्या किल्ल्या कुणाच्या कमरेला असाव्यात याचा.

वसई या भांडणात बहुतांशी गोव्याच्याच बाजूला राहिली. अखेर २३ जून १८८६ रोजी पोप तेरावे लिओ आणि पोर्तुगाल यांच्यात तह झाला. त्यातून दमण नावाचा नवा धर्मप्रांत निघाला आणि साष्टी-वसईकडची पाद्रोआदोची चर्चेस त्याच्या वाट्याला आली. याचे पहिले बिशप अंतोनियो पेद्रो द कोस्ता, आणि त्यांच्यानंतर १९००पासून सेबास्तियाओ जुझे पेरेरा. राज्य ब्रिटिशांचं, बिशप पोर्तुगालच्या राजाने सुचवलेले, आणि मेंढरं मराठी बोलणारी! हा प्रकार १९२८पर्यंत चालला. तोवर पोर्तुगालमध्ये राजाही उरला नव्हता. १९१०मध्ये तिथे प्रजासत्ताक आलं होतं, पण हक्क सोडायला तेही तयार नव्हतं.

एप्रिल १९२८मध्ये रोम आणि पोर्तुगाल यांनी नवा करार केला. दमण धर्मप्रांत मोडला. पोर्तुगीज हद्दीतला भाग गोव्याकडे गेला, ब्रिटिश हद्दीतला भाग, म्हणजे वसईही, मुंबई महाधर्मप्रांतात आला. मोबदला म्हणून मुंबईचे आर्चबिशप आळीपाळीने एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश असावेत असं ठरलं. भारतीय माणसाचा पाळीत नंबरच नव्हता. पहिले आले पोर्तुगीज जोआकिम लिमा, १९३७मध्ये त्यांच्या जागी इंग्रज जेज्वीट थॉमस रॉबर्ट्स.

रॉबर्ट्स हा माणूस या सगळ्या यादीत मला सर्वांत आवडतो. पाळीप्रमाणे आपल्यानंतर पोर्तुगीज येणार, हे त्यांना मान्य नव्हतं. १९४६मध्ये त्यांनी व्हॅलेरियन ग्रेशस यांना साहाय्यक बिशप करून घेतलं आणि मग स्वतः मुंबईपासून दूर राहून कारभार त्यांच्या हाती जाऊ दिला. १९५०मध्ये पोर्तुगालने आळीपाळीचा हक्क सोडला, रॉबर्ट्स यांनी रीतसर पद सोडलं आणि ग्रेशस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. १९५३मध्ये ते भारताचे पहिले कार्डिनलही झाले.

म्हणजे आता वसईवरचे बिशप भारतीय होते. पण ते मुंबईचे होते. मुंबईचा महाधर्मप्रांत मुख्यतः शहराचा, त्याचा कारभार इंग्रजीत, आणि वसई ही खाडीपलीकडची केळीची आणि पानवेलीची वाडी. वसईने स्वतःची ओळख मधल्या काळात मराठीतून घडवली. १९५५मध्ये ‘सुवार्ता’ मासिक सुरू झालं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेनंतर, लॅटिन मागे पडून उपासना लोकभाषेत आली. मुंबईत त्याचा अर्थ प्रामुख्याने इंग्रजी आणि कोकणी असा झाला. वसईत झाला मराठी. पुढे ‘सुवार्ता’चे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईच्या चळवळीत पुढाकार घेतला आणि २०२०च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलं. इतकं मराठी झालेल्या समाजाचा कारभार मुंबईहून चालवणं कधीतरी थांबणारच होतं.

२२ मे १९९८ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी मुंबईतून वेगळा काढून वसई धर्मप्रांत स्थापन केला. पापडीचं अवर लेडी ऑफ ग्रेस चर्च कॅथेड्रल झालं, बिशप हाऊस बऱ्हामपूरला. हद्द ठरली ती आजच्या पालघर जिल्ह्याशी जवळपास जुळणारी, म्हणजे वसईच्या बागायती पट्ट्यापासून तलासरी, जव्हार, मोखाड्याच्या डोंगराळ आदिवासी मुलखापर्यंत. बाहेरून पाहणाऱ्याला धर्मप्रांत म्हणजे वसईची चर्चेस एवढंच दिसतं. प्रत्यक्षात त्याच्या नकाशावर आदिवासी भाग कितीतरी मोठा आहे, आणि तिथलं काम, उदाहरणार्थ तलासरीच्या ज्ञानमाता सदनाचं, जेज्वीटांनी आधीपासून चालवलेलं होतं.

पहिले बिशप झाले थॉमस डाबरे, जन्म वसईतल्या भुईगावचा. १९९०पासून ते मुंबईचे साहाय्यक बिशप होतेच. तुकाराम महाराजांवर पीएच.डी. केलेला बिशप ही वसईलाच शोभणारी गोष्ट. २००९मध्ये ते पुण्याचे बिशप म्हणून गेले. त्यांच्यामागून आलेले फेलिक्स मच्याडो हेही वसईचेच. व्हॅटिकनच्या आंतरधर्मीय संवादाच्या कार्यालयात उपसचिव होते, नंतर नाशिकला बिशप झाले. नाशिकच्या नेमणुकीच्या वेळी त्यांना आर्चबिशप ही वैयक्तिक पदवी मिळाली होती, म्हणून वसई साधा धर्मप्रांत असूनही तिथल्या प्रमुखांना पंधराएक वर्षं लोक ‘आर्चबिशप’ म्हणत. अनेकांचा त्यामुळे समज झाला की वसई महाधर्मप्रांत आहे. तसं नाही; महाधर्मप्रांत मुंबईच, आणि वसई त्या प्रांतातला एक धर्मप्रांत. आणि आता थॉमस डिसोजा. तिन्ही बिशप वसईच्या मातीतले.

आज नेमणुकीत राजा नाही, करार नाही. दिल्लीतले पोपचे राजदूत गुप्तपणे मतं मागवतात, तीन नावांची यादी रोमला जाते आणि पोप निवड करतात. ती यादी रोममध्ये ज्या विभागाकडून जाते, तो १६२२च्या त्या प्रोपागांडाचाच वारस. पाद्रोआदोशी तीनशे वर्षं भांडलेल्या पक्षाचा अखेर इथे जय झाला.

एका जागेवर दोन बिशप हा प्रकार मात्र पूर्ण संपलेला नाही. १९८८मध्ये केरळच्या सिरो-मलबार परंपरेतल्या कॅथलिकांसाठी कल्याणचा वेगळा धर्मप्रांत निघाला. वसई-विरार पट्ट्यात स्थायिक झालेली सिरो-मलबार कुटुंबं वसईच्या नव्हे, कल्याणच्या धर्मप्रमुखांच्या (२०२५पासून आर्चबिशप) अखत्यारीत येतात. या वेळी ते रोमच्याच संमतीने ठरलेलं आहे.