कवळाण्याचे दत्तक (बडोदे)

बडोद्याच्या गायकवाड गादीसाठी २७ मे १८७५ रोजी झालेले दत्तविधान. नाशिक जिल्ह्यातील मालेगावजवळच्या कवळाणे गावचा गोपाळ, शेतकरी काशीराव गायकवाडांचा मुलगा, त्या दिवशी महाराणी जमनाबाईंच्या मांडीवर बसला आणि तिसरा सयाजीराव झाला. वय बारा, अक्षरओळखही नव्हती.

खंडेराव महाराज १८७० मध्ये वारले तेव्हा मागे मुलगा नव्हता. गादी भाऊ मल्हाररावांकडे गेली. पुढे बडोद्यातले ब्रिटिश सरकारचे प्रतिनिधी, रेसिडेंट फेअर यांना विष घालण्याचा प्रयत्न केल्याचा आरोप त्यांच्यावर आला. चौकशी आयोगातल्या तिघा इंग्रजांनी त्यांना दोषी धरले, तिघा भारतीयांनी (त्यांत ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदेही होते) धरले नाही. सरकारने मग गैरकारभाराचे कारण पुढे करून एप्रिल १८७५ मध्ये त्यांना काढलेच. खंडेरावांच्या विधवा जमनाबाईंना दत्तकाची परवानगी मिळाली आणि घराण्याच्या दूरच्या, नांगर धरणाऱ्या शाखेचा शोध कवळाण्यापर्यंत पोचला.

‘इथे कशाला आलास?’ या प्रश्नाला गोपाळने ‘राज्य करायला’ असे उत्तर दिले, ही आख्यायिका बडोद्याच्या मराठी घरांत लहानपणीच कानावर पडते. मुलगा धीट होता एवढे तिच्यातून घ्यावे.

खरी कसोटी नंतरची. दिवाण टी. माधवराव कारभार पाहत असताना इंग्रज शिक्षक इलियट यांच्या देखरेखीखाली मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषांचा अभ्यास एकदमच सुरू झाला. हेच इलियट पुढे राज्याच्या जमीनमोजणीचे आणि साराठरावाचे प्रमुख झाले, हा योग मोठा गमतीचा. २८ डिसेंबर १८८१ रोजी महाराजांना पूर्ण अधिकार मिळाले.

शेतीच्या संस्काराचा शोध राजवाड्यात घेण्यात अर्थ नाही; लक्ष्मीविलास पाहून कवळाणे कोणाला आठवणार? तो शोध शाळांच्या कायद्यात घ्यावा. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू झाले, १९०६ मध्ये ते राज्यभर लागू झाले. गुरे राखायला आणि निंदणीला हाताशी लागणारे पोर शाळेत धाडणे कुणब्याच्या जिवावर येई, म्हणून दंडाची तरतूद होती. छप्पन्नच्या दुष्काळाने (विक्रम संवत १९५६, म्हणजे १८९९–१९००) खेडी आधीच मोडली होती. १८९१ ची सुमारे २४ लाखांची लोकसंख्या १९०१ मध्ये साडेएकोणीस लाखांवर आली. त्यानंतर पाचच वर्षांत सक्ती राज्यभर नेणे हे धाडसच होते. १९१० पासून ग्रंथालयांची चळवळ उभी राहिली आणि पुस्तकांच्या फिरत्या पेट्या गावोगाव जाऊ लागल्या.

बाराव्या वर्षी ‘श्री’ गिरवायला बसलेले सयाजीराव १९३२ मध्ये कोल्हापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी त्यांचे निधन झाले.