हौशी रेडिओ घराबाहेर कसा पडला

रविवारी सकाळी पुण्यातल्या वेताळ टेकडीवर कुणी हातात काड्यांची अँटेना धरून ती आकाशात सावकाश फिरवताना दिसलं, तर तो बहुतेक हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला असतो. फिरायला आलेली मंडळी थांबून विचारतात, "काय शोधताय?" दहा मिनिटांत डोक्यावरून एक उपग्रह जाणार आहे, त्याचा आवाज पकडायचाय, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "मग घरातून नाही का येत?" या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर बरंच मागे जावं लागतं.

हौशी रेडिओ मुळात खोलीतला छंद. हॅम त्या खोलीला आजही 'शॅक' म्हणतात. व्हॉल्व्हच्या (ट्रान्झिस्टरआधीच्या काचेच्या नळ्यांच्या) सेटना शेकडो व्होल्टचा पुरवठा लागायचा, त्यामुळे सेट जड आणि घरातल्या विजेला बांधलेला. पण पूर आला, वादळ झालं की सगळ्यात आधी वीजच जाते, आणि नेमकी तेव्हाच रेडिओची गरज असते. या अडचणीवर सराव म्हणून अमेरिकन रेडिओ रिले लीग या तिथल्या हॅमच्या संघटनेने जून १९३३ मध्ये 'फील्ड डे' सुरू केला. सेट उचलायचे, मैदानात किंवा डोंगरावर न्यायचे, झाडावर वायर टाकायची, बॅटरीवर किंवा जनरेटरवर केंद्र चालवायचं आणि जमेल तितक्या केंद्रांशी बोलायचं. जून महिन्यातल्या चौथ्या शनिवार-रविवारी तो आजही होतो. गुण मोजले जातात, पण खरी परीक्षा असते ती तयारीची. कुठला खिळा, कुठली दोरी, कुठला फ्यूज घरी राहिला हे फक्त माळरानावरच कळतं.

या तयारीचं मोल आपल्याकडे २००४ मध्ये दिसलं. भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी त्या डिसेंबरात अंदमानला गेले होते ते जगभरच्या हॅमना या दुर्मीळ ठिकाणाशी बोलता यावं म्हणून. २६ डिसेंबरच्या पहाटे भूकंप झाला, मागोमाग त्सुनामी. फोन बंद पडले, आणि हौसेसाठी नेलेलं ते केंद्र बेटं आणि मुख्य भूमी यांच्यातला दुवा झालं. कुणाचं माणूस सुखरूप आहे, कुणाचा पत्ता लागत नाही, असे निरोप त्यावरून गेले. सामान आधीच बांधलेलं होतं आणि हात सरावलेले होते, म्हणून हे जमलं. मला या छंदाबद्दल कुणी "याचा उपयोग काय?" असं विचारलं की मी आधी अंदमानचं सांगतो.

आता आकाशाकडची बाजू. ४ ऑक्टोबर १९५७ ला सोव्हिएत संघाने स्पुतनिक सोडला. त्याचे दोन ट्रान्समीटर २०.००५ आणि ४०.००२ मेगाहर्ट्झवर बीप-बीप करत होते. यातली पहिली कंपनसंख्या साध्या शॉर्टवेव्ह रिसीव्हरवर लागायची, त्यामुळे जगभरच्या हॅमनी तो आवाज आपल्या कानांनी ऐकला. बॅटरी सुमारे तीन आठवडे टिकली. तेवढ्यात एक गोष्ट अनेकांच्या मनात रुजली: हे आपल्यालाही बनवता येईल.

कॅलिफोर्नियातल्या काही हौशी मंडळींनी ते बनवलं. ऑस्कर-१ हा जेमतेम साडेचार किलोचा उपग्रह १२ डिसेंबर १९६१ ला डिस्कव्हरर-३६ या अमेरिकी उपग्रहासोबत वर गेला. स्पुतनिकला चार वर्षं झाली होती एवढंच. त्याची ताकद सुमारे १४० मिलिवॉट, टॉर्चच्या बल्बपेक्षाही कमी. तो मोर्स कोडमध्ये एकच गोष्ट बोलायचा: 'एचआय', चार टिंबं आणि दोन टिंबं. त्यातली युक्ती मला फार आवडते. आतल्या तापमानाप्रमाणे ही 'एचआय' म्हणण्याची गती बदलायची. म्हणजे घड्याळ समोर ठेवून दहा वेळा 'एचआय' यायला किती सेकंद लागले हे मोजलं की उपग्रहाच्या पोटातलं तापमान कळायचं. २८ देशांतल्या पाचशेहून अधिक हॅमनी नोंदी करून पाठवल्या. बॅटरी तीन आठवड्यांत संपली आणि जानेवारी १९६२ अखेर तो वातावरणात जळून गेला. मार्च १९६५ मधल्या ऑस्कर-३ वर पहिल्यांदा ट्रान्सपाँडर आला, म्हणजे जमिनीवरून गेलेला आवाज तो परत खाली पाठवू लागला. १९६९ मध्ये ही सगळी खटपट सांभाळायला ॲमसॅट ही संस्था उभी राहिली.

संगणक घरोघरी नव्हते तेव्हा उपग्रह कधी येणार हे ठरवायला ध्रुवावरून पाहिलेला पृथ्वीचा नकाशा आणि त्यावर फिरणारी पारदर्शक चकती वापरत. उपग्रहाने विषुववृत्त कुठे आणि किती वाजता ओलांडलं एवढं कळलं की चकती त्या बिंदूवर लावायची आणि पुढचा मार्ग वाचायचा. आज तेच काम फोन करतो. पण ती चकती हाताने फिरवलेल्यांना कक्षा डोळ्यांपुढे दिसते, असं मी पाहिलं आहे.

माणूसच वर जाऊन बोलू लागला तो १९८३ च्या अखेरीस. अंतराळवीर ओवेन गॅरियट यांनी कोलंबिया यानाच्या खिडकीशी अँटेना लावून हातात धरायच्या सेटवरून खालच्या हॅमशी गप्पा मारल्या. जॉर्डनचे राजे हुसेन स्वतः हॅम होते, त्यांच्याशीही ते बोलले. नोव्हेंबर २००० पासून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर माणसं सतत राहू लागली आणि डिसेंबरात इलिनॉयमधल्या एका शाळेच्या मुलांशी पहिला ठरवलेला संवाद झाला. २०२५ च्या जुलैत शुभांशु शुक्ला यांनी स्थानकावरून भारतातल्या विद्यार्थ्यांशी हॅम रेडिओवर बोलणं केलं, ते याच परंपरेत.

आमच्या पिढीला टेकडीवर खेचलं ते मात्र हॅमसॅटने. इस्रोने ५ मे २००५ ला पीएसएलव्ही-सी६ वरून कार्टोसॅट-१ बरोबर तो सोडला. सुमारे ४३ किलोच्या त्या उपग्रहावर दोन ट्रान्सपाँडर होते, एक भारतात बनवलेला आणि एक हॉलंडमधल्या एका हॅमने. वर जाताना ४३५ मेगाहर्ट्झ, खाली येताना १४५. आवाज इतका दणदणीत यायचा की मोठ्या अँटेनाची गरजच नव्हती. पीव्हीसी पाइपवर पोलादी मापाच्या टेपचे तुकडे क्लॅम्पने आवळून केलेली यागी, म्हणजे एका दिशेने रोखायची काड्यांची अँटेना, पुरायची. टेपचा पिवळा रंग कानशीने खरवडून तिथे केबल डाग देऊन जोडायची, एवढीच काय ती कारागिरी. अशी अँटेना दुमडून सॅकमध्ये जाते आणि उघडली की आपोआप सरळ होते.

तिच्यावर मी पहिल्यांदा स्वतःचाच आवाज आकाशातून परत येताना ऐकला. आवाज आधी चिरका होता. डायल हळूहळू फिरवला तसा तो ओळखीचा झाला, आणि परत घसरला. याचं कारण डॉप्लर परिणाम. उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटरने पळतो, त्यामुळे १४५ मेगाहर्ट्झवर कंपनसंख्या येताना सुमारे तीन किलोहर्ट्झ वर आणि जाताना तेवढीच खाली सरकते. ४३५ वर याच्या तिप्पट. एका हातात अँटेना, दुसऱ्या हाताने डायल, कानात हेडफोन. त्यात उपग्रह स्वतःभोवती फिरत असतो, म्हणून आवाज बुडू लागला की मनगट पिळून अँटेना आडवीची उभी करायची. हॅमसॅट नऊ वर्षं चालला. जुलै २०१४ मध्ये बॅटरीने साथ सोडली.

त्यानंतर महाराष्ट्रातून दोन विद्यार्थी उपग्रह गेले. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा एक किलोहूनही हलका 'स्वयम्' २२ जून २०१६ ला आणि आयआयटी मुंबईचा 'प्रथम' त्याच वर्षी २६ सप्टेंबरला. इतर महाविद्यालयांनीही आपापल्या गच्चीवर अँटेना उभारून 'प्रथम'चे संकेत घ्यावेत, अशी त्या प्रकल्पाची आखणीच होती.

तर घरातून का नाही? एक म्हणजे क्षितिज. उपग्रह दिसतो तोवरच ऐकू येतो, आणि इमारतींच्या मध्ये दहा मिनिटांच्या पासमधली (उपग्रहाच्या डोक्यावरून एका फेरीतली) चार मिनिटंच हाती लागतात. दुसरं कारण गेल्या पंधरा-वीस वर्षांत वाढत गेलं: खरखर. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, लिफ्ट, सगळेच थोडा थोडा रेडिओ गोंगाट ओकतात. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या उभ्या आहेत, त्याही अशाच शांततेसाठी शहरापासून दूर. ऑक्टोबर २०१६ मध्ये मंगळावर उतरणाऱ्या शियापारेली यानाचा क्षीण संकेत त्या तबकड्यांनी पकडला होता. आपल्या टेपच्या यागीला तेवढं सामर्थ्य नाही, पण शांतता तिलाही हवी असते.

सामान हलकं झालं हेही कारण आहेच. याएसू कंपनीचा एफटी-८१७ हा पाच वॉटचा सेट आला तेव्हा शॉर्टवेव्हपासून ४३५ मेगाहर्ट्झपर्यंत सगळं खांद्यावरच्या पिशवीत मावू लागलं. शिशाच्या बॅटऱ्यांच्या जागी लिथियम आयर्न फॉस्फेट आल्या. २०१२ मध्ये टीव्ही पाहायच्या स्वस्त यूएसबी डोंगलमधून इतर कितीतरी लहरी ऐकता येतात हे काही जणांनी शोधून काढलं आणि रिसीव्हरचा खर्च एकदम खाली आला. त्या डोंगलवर अनेकांनी हवामान उपग्रह ऐकले. ५३-५३ सेंटिमीटरच्या दोन काड्या १२० अंशांत जोडायच्या, उत्तर-दक्षिण आडव्या ठेवायच्या आणि १३७ मेगाहर्ट्झवर अमेरिकेच्या एनओएए उपग्रहाची टकटक रेकॉर्ड करायची. सॉफ्टवेअर तीतून अरबी समुद्रावरच्या ढगांचं चित्र ओळ ओळ उलगडायचं. १९६३ पासून चालत आलेली ही पद्धत. २०२५ च्या जून ते ऑगस्टदरम्यान त्यातले शेवटचे तिन्ही उपग्रह बंद केले गेले. आता मुलांना रशियाचा मेटिऑर दाखवावा लागतो. त्याचं चित्र जास्त स्पष्ट येतं, पण ती टकटक नाही.

बाहेर जाण्याची तयारी तीच जुनी, १९३३ ची. पासच्या आदल्या रात्री बॅटरी भरायची, सगळं एकदा घरी जोडून बघायचं, आणि जोडलं तसंच पिशवीत भरायचं. एका मे महिन्यात मी सिंहगडावर सगळं नेलं. एसएमए आणि बीएनसी ही केबलची दोन वेगळी टोकं जोडणारा बोटाच्या पेराएवढा अडॅप्टर तेवढा घरी राहिला. अंतराळ स्थानक त्या दिवशी १४५.८०० मेगाहर्ट्झवर चित्रं पाठवत होतं, एका चित्राला दोन मिनिटं. पास सुरू झाला आणि संपला. तेव्हापासून दोन अडॅप्टर पिशवीच्या झाकणाला दोऱ्याने बांधलेले असतात. आणि वळवाचे ढग दिसले की अँटेना खाली, मग पास कितीही चांगला असो. गडाच्या माथ्यावर हातात धातूची काठी घेऊन उभं राहण्याची ती वेळ नव्हे.

नव्यांना मी टेकडीवर शेवटी ऑस्कर-७ ऐकवतो. तो १५ नोव्हेंबर १९७४ ला गेला. १९८१ मध्ये बॅटरी शॉर्ट होऊन गप्प झाला आणि सगळ्यांनी त्याची आशा सोडली. जून २००२ मध्ये तो अचानक बोलू लागला: बॅटरीतला शॉर्ट आपोआप उघडला होता आणि सौर पॅनेलची वीज थेट ट्रान्सपाँडरला मिळू लागली होती. आता त्याच्याकडे साठवण काहीच नाही. पृथ्वीच्या सावलीत गेला की बंद, उन्हात आला की सुरू. म्हणून त्याचा पास निवडताना वेळेबरोबर तो उन्हात आहे का, हेही आधी बघून घ्यावं लागतं.