पाठ असलेल्या विनोदाची पार्श्वभूमी

तीन वेळा पाहून झालेली विनोदी मालिका चौथ्यांदा लावायची, ठरलेल्या संवादाच्या क्षणभर आधी थांबवायची, पडद्याचा फोटो काढून त्याखाली ‘आता येतंय ते!’ एवढेच लिहायचे आणि तो समाजमाध्यमावर टाकायचा, हा उद्योग आता कोणालाच नवा वाटत नाही. थोड्याच वेळात कोणीतरी अनोळखी माणूस तो संवाद शब्दशः पुरा करतो. या देवघेवीमागे दोन वेगवेगळ्या सवयी आहेत: जुने भाग पुन्हा पाहण्याची आणि पाहता पाहता बोलण्याची. त्या एकत्र येण्यास अर्धशतकाहून अधिक काळ लागला.

पुन्हा पाहायचे तर मुळात भाग टिकला पाहिजे. १९५०च्या सुमारास अमेरिकेतील बरेच कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट प्रक्षेपित होत आणि दूरच्या केंद्रांसाठी पडद्यावरूनच चित्रित केलेली त्यांची धूसर प्रत पाठवली जाई. ल्युसिल बॉल आणि डेझी आर्नाझ या कलाकार दांपत्याला मात्र हॉलिवूड सोडायचे नव्हते. त्यामुळे १५ ऑक्टोबर १९५१ रोजी सीबीएस या वाहिनीवर सुरू झालेली त्यांची ‘आय लव्ह लूसी’ ही विनोदी मालिका समोर बसलेल्या प्रेक्षकांच्या साक्षीने, तीन कॅमेरे एकाच वेळी चालवून, ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रित झाली. बॉल गरोदर असताना नवे भाग पुरेसे तयार होईनात, तेव्हा आधीचेच भाग पुन्हा दाखवण्यात आले आणि प्रेक्षकांनी ते आनंदाने पाहिले. शिळ्या विनोदालाही बाजारभाव आहे, हे वाहिन्यांना त्यातून उमगले. पुढे शंभरेक भाग जमले की ते स्थानिक केंद्रांना रोज दाखवण्यासाठी विकायचे, असा व्यवसायच उभा राहिला.

प्रेक्षकांसमोर चित्रित न होणाऱ्या मालिकांमध्ये हशाची उणीव भासू लागली, तेव्हा चार्ल्स डग्लस या ध्वनितंत्रज्ञाने मुद्रित हास्यांचे एक यंत्रच बनवले. कळ दाबली की हवे तसे हसू त्यातून निघे. हा आयता हशा कानाला खोटा वाटतो, ही तक्रार रास्तच आहे. तरीही विनोदाला सोबत लागते आणि घरात एकट्याने पाहणाऱ्याला ती मिळत नाही, हे निर्मात्यांनी किती लवकर ओळखले होते, याचा तो पुरावा आहे. मालिकेचा भाग पाहताना फोनवर येणारे हसरे चेहरे पाहिले की मला तेच यंत्र आठवते. फरक एवढाच की आता कळ दाबणारी माणसे खरी असतात.

पाहता पाहता बोलण्याची सवय लिखित रूपात प्रथम संगणकाच्या जाळ्यावर दिसली. १९८०मध्ये सुरू झालेल्या यूझनेट या संदेश-चर्चेच्या जाळ्यावर पुढे एकेका मालिकेसाठी स्वतंत्र चर्चागट निघाले. ‘द सिम्पसन्स’ या व्यंगचित्र-मालिकेचा गट नवा भाग संपताच त्याची चिरफाड करी. लेखकमंडळी ते वाचत, हे फेब्रुवारी १९९७मधील एका भागात उघड झाले: त्यातील कॉमिक्सच्या दुकानाचा मालक असलेले पात्र ‘आजवरचा सर्वांत वाईट भाग’ असा निवाडा देते. ही चर्चा मात्र प्रामुख्याने ताज्या भागांची होती.

ट्विटर २००६मध्ये आले आणि २३ ऑगस्ट २००७ रोजी ख्रिस मेसिना यांनी विषयाच्या शब्दाआधी हॅश (#) चिन्ह लावण्याची कल्पना मांडली. त्यामुळे विखुरलेल्या प्रेक्षकांना एका विषयाखाली जमण्याची सोय झाली; तरीही तिचा उपयोग सुरुवातीला थेट प्रक्षेपणासाठीच अधिक होई, कारण सगळे एकाच वेळी एकच दृश्य पाहत. वेळेचे हे बंधन मागणीनुसार पाहण्याच्या सेवांनी काढून टाकले. ६ मे २००४ रोजी संपलेल्या ‘फ्रेंड्स’ या विनोदी मालिकेचे सर्व २३६ भाग १ जानेवारी २०१५पासून अमेरिकेत नेटफ्लिक्सवर आले, मूळ प्रक्षेपणाच्या वेळी शाळेतही न गेलेली पिढी ते पाहू लागली आणि जुने चाहते पुन्हा पहिल्या भागापासून बसले. २०२०च्या टाळेबंदीत घरोघरी हेच झाले.

पुन्हा पाहणाऱ्याची प्रतिक्रिया मुळातच निराळी असते. तिला रहस्य फोडल्याचा दोष लागत नाही. ती आश्चर्यातूनही येत नाही, ओळखीतून येते आणि तीच ओळख असणाऱ्याला उद्देशून असते. १९८७मध्ये कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकी संगणक-सेवा कंपनीने आणलेला जीआयएफ हा चित्रप्रकार तिला फारच मानवला, कारण दोन-तीन सेकंदांत पुनःपुन्हा हलणारा चेहरा म्हणजेच विनोदी मालिकेतील नेमका क्षण. ‘द ऑफिस’ या विनोदी मालिकेच्या अमेरिकी आवृत्तीत जिम हाल्पर्ट हे पात्र काही न बोलता कॅमेऱ्याकडे पाहतो, ती नजर तर मुळातच एक प्रतिक्रिया आहे, प्रेक्षकांनी ती उचलून स्वतःच्या रोजच्या वैतागावर चिकटवली.

पारायणाने नजरही तयार होते. २०१९च्या अखेरीस डिस्नीच्या सेवेवर ‘द सिम्पसन्स’चे जुने भाग रुंद पडद्यासाठी वरून-खालून कापलेले दिसले. तीन प्रकारच्या बिअरला एकाच नळीतून पुरवठा होत असल्याचा चित्रातला विनोद त्यात नाहीसा झाला होता. चाहत्यांनी दोन्ही चित्रे शेजारीशेजारी ठेवून तक्रार मांडली आणि मे २०२०मध्ये मूळ आकाराचा पर्याय देण्यात आला. ऑक्टोबर २०२१मध्ये ‘साइनफेल्ड’ ही जुनी विनोदी मालिका नेटफ्लिक्सवर आली, तेव्हा तीच कात्री पुन्हा चाललेली होती. तिच्यातील जॉर्ज या पात्राच्या किल्ल्या रस्त्यातल्या खड्ड्यात पडतात, त्या भागाची चित्रे लगेच समाजमाध्यमांवर फिरू लागली: जॉर्ज आणि त्याचा मित्र जेरी खाली टक लावून पाहत आहेत आणि खड्डा मात्र चौकटीबाहेर गेला आहे.