पाय अडखळतो, त्यात लिनक्सचा दोष किती?

रास्पबेरी पाय हा तळहातावर मावणारा संगणक; तो सहसा लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतो. ‘रास्पबेरी पाय घेतला, पण सारखा अडकतो; लिनक्स सामान्य माणसासाठी नाहीच,’ हा समज वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो चुकीचा आहे. अडकण्याचं कारण बहुतेक वेळा वीजपुरवठ्यात किंवा मेमरी कार्डात असतं.

‘पाय ४’ या मॉडेलला ५ व्होल्ट, ३ अँपिअर लागतात. मोबाइलचा जुना चार्जर आणि बारीक केबल जोडली की भार वाढताच व्होल्टेज पडतं. ते सुमारे ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की पडद्याच्या कोपऱ्यात विजेचं चिन्ह दिसतं आणि प्रोसेसर मंदावतो. ते चिन्ह दिसत असेल तर सिस्टिम पुन्हा टाकून काहीही साधणार नाही. आधी अ‍ॅडॉप्टर बदला.

दुसरं, मेमरी कार्ड. ब्राउझर सतत लहान लहान फायली लिहितो आणि साधं कार्ड तिथेच गुदमरतं. निदान ए१ दर्जाचं (लहान फायली वेगाने वाचणारं-लिहिणारं) कार्ड घ्या. त्याहून चांगलं म्हणजे एसएसडी (चिपवर साठवणारी वेगवान डिस्क), निळ्या यूएसबी ३ पोर्टमध्ये लावून. फरक लगेच जाणवतो. वीज थेट तोडू नका, आधी शटडाउन करा. नाहीतर कार्डावरच्या फायली बिघडू शकतात. रोजच्या ब्राउझिंगला ४ जीबी रॅम हवी. प्रोसेसरचं तापमान ८० अंश सेल्सियसवर गेलं की वेग आपोआप उतरतो, म्हणून हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) लावाच.

खरी अडचण वेगळी आहे: प्रोसेसर एआरएम या, इंटेलहून वेगळ्या रचनेचा असल्यामुळे विंडोजचे प्रोग्रॅम थेट चालत नाहीत, आणि इंटेलसाठी बांधलेली लिनक्सची पॅकेजेसही (प्रोग्रॅमचे तयार संच) नाहीत. प्रिंटरचा ड्रायव्हर एआरएमसाठी आहे का, हे खरेदीआधीच तपासा.