लँग्वेज बाइंडिंग

दुसऱ्या कोणी सी या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहून ठेवलेली लायब्ररी, म्हणजे तयार फंक्शन्सचा संच, पायथन, जावा, रस्ट वगैरेमधून वापरता यावी म्हणून मधे जो कोडचा थर घालतात तो म्हणजे बाइंडिंग, बोलताना बरेच जण रॅपरच म्हणतात. मूळ लायब्ररीला हात लावायचा नसतो.

एसक्यूलाइटचंच घ्या. रिचर्ड हिप यांचा हा २००० सालचा डेटाबेस सी मधे आहे, पायथनमधे तो पायएसक्यूलाइट या बाइंडिंगमधून आला आणि २००६ च्या पायथन २.५ पासून भाषेबरोबरच मिळायला लागला. त्याच आवृत्तीत सीटाइप्सपण आलं, म्हणजे सी चा एक शब्द न लिहिता सी चं फंक्शन पायथनमधून कॉल करायची सोय.

कॉल करणं सोपं आहे हो, खरं काम मेमरी कोणाची आणि किती वेळ टिकणार हे ठरवण्यात आहे. एसक्यूलाइटला मजकूर द्यायचं जे बाइंड टेक्स्ट फंक्शन आहे त्यात चौथी किंमत लांबीची असते, ती बाइटमधे. पायथनला 'मराठी' ची लांबी विचारली तर काना-वेलांटी वेगळी मोजून ५ सांगतो, पण यूटीएफ-८ या अक्षरं बाइटमधे साठवायच्या पद्धतीत तेच १५ बाइट होतात, ५ पाठवलेत तर टेबलात 'म' आणि 'र' चे तीनपैकी दोनच बाइट जाऊन बसतात. इंग्रजीत अक्षर म्हणजे एक बाइट, त्यामुळे नुसत्या इंग्रजी मजकुरावर टेस्ट केलं तर हे कधीच सापडत नाही, म्हणून टेस्टमधे देवनागरी पाहिजेच.

पाचवी किंमत, म्हणजे दिलेल्या मजकुराची मेमरी कशी सांभाळायची हे सांगणारी, अजून नाजूक. तिथे स्टॅटिक दिलं तर एसक्यूलाइट मजकुराची कॉपी करत नाही, आणि इकडे पायथनने ती स्ट्रिंग मोकळी केली की कचरा वाचला जातो, तोही कधीतरीच, त्यामुळे शोधता शोधता दिवस जातो. ट्रान्झियंट दिलं की लगेच कॉपी होते. पण हे नाव मॅक्रो आहे, म्हणजे कंपाइल करतानाच त्याच्या जागी किंमत टाकली जाते, कंपाइल झालेल्या लायब्ररीत ते उरतच नाही, सीटाइप्समधे पॉइंटर (मेमरीतला पत्ता) म्हणून -१ हाताने लिहावं लागतं. शिवाय फंक्शन कुठल्या प्रकारची किंमत परत देतं ते सांगितलं नाही तर सीटाइप्स ती इंट, म्हणजे साधा पूर्णांक, धरतं आणि ६४ बिट मशीनवर पॉइंटर अर्धा कापला जातो.

हेडर फाइल (लायब्ररीतली फंक्शन्स जिथे जाहीर केलेली असतात ती) वाचून बाइंडिंग आपोआप तयार करणारी स्विगसारखी टूल्स १९९६ पासून आहेत, टायपिंग वाचतं हे खरं. पण एसक्यूलाइटच्या एक्झेक फंक्शनने दिलेला एररचा मजकूर आपण फ्री करायचा, म्हणजे त्याची मेमरी मोकळी करायची, आणि एररमेसेज फंक्शनने दिलेला अजिबात करायचा नाही, हा फरक डॉक्युमेंटेशन वाचल्याशिवाय कळत नाही, तो माणसानेच बाइंडिंगमधे उतरवायचा.

रस्टमधे याचे सरळ दोन थर करतात. खाली लिबएसक्यूलाइट३-सिस, त्यात सी ची फंक्शन्स जशीच्या तशी, आणि वर रसक्यूलाइट, तिथे टेबलाच्या एका ओळीतून उसना (कॉपी न करता) घेतलेला मजकूर पुढची ओळ मागितल्यावर वापरायला गेलात तर प्रोग्रॅम कंपाइलच होत नाही.