टॅब कंप्लीशन : शेलमधील जुळवणी

टॅब कंप्लीशन : कमांड लाइनवर अर्धवट टाइप केलेला शब्द टॅब कळ दाबून शेलकडून, म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामकडून, पुरा करून घेण्याची सोय. मुळात शेल कमांडचे, फाइलचे, डिरेक्टरीचे किंवा व्हेरिएबलचे नाव पुरे करतो. त्यापुढे जाऊन कोणत्या कमांडनंतर कोणते शब्द सुचवायचे, ते कसे दाखवायचे आणि लहान-मोठ्या लिपीचा भेद पाळायचा की नाही, हे वापरणाऱ्याला ठरवता येते. या नोंदीत मुख्यतः बॅश या शेलचा विचार केला आहे. झेडशेल आणि फिश यांची पद्धत शेवटी थोडक्यात दिली आहे.

अर्धवट नाव ओळखून पुरे करण्याची कल्पना टेनेक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये होती, पण तिथे त्यासाठी एस्केप कळ वापरत. १९८० च्या आगेमागे केन ग्रीर यांनी ती सी शेलमध्ये आणली. त्यातून टीसीशेल तयार झाला आणि त्याच्या नावातला ‘टी’ टेनेक्सचाच आहे. पॉल फॉल्स्टॅड यांचा झेडशेल १९९० चा, फिश २००५ चा. बॅशमध्ये कमांडनुसार कंप्लीशन लिहिण्याची सोय २००० साली, २.०४ या आवृत्तीत आली.

दोन थर

बॅशमध्ये टॅब दाबल्यावर दोन वेगळ्या गोष्टी काम करतात, आणि त्या न ओळखल्यामुळे नवशिक्यांचा बराच वेळ वाया जातो. ओळ टाइप करणे, खोडणे, सुचवण्या पडद्यावर मांडणे हे काम रीडलाइन नावाच्या लायब्ररीचे. सुचवण्यांची यादी पुरवणे हे बॅशचे. ‘कसे दाखवायचे’ हा प्रश्न असेल तर उत्तर रीडलाइनच्या सेटिंगमध्ये मिळते. ‘काय दाखवायचे’ हा असेल तर बॅशच्या कंप्लीट या अंगभूत कमांडमध्ये. लिपीभेद दुर्लक्षित करण्याचे सेटिंग बॅशआरसी फाइलमध्ये (बॅश सुरू होताना वाचतो त्या फाइलमध्ये) शोधणारा ते तिथे शोधतच राहतो.

रीडलाइनची फाइल म्हणजे होम डिरेक्टरीतली डॉट-इनपुटआरसी. कंप्लीशन-इग्नोर-केस ऑन केले की लहान आणि मोठी अक्षरे एकच धरली जातात. कंप्लीशन-मॅप-केस हे त्याच्या जोडीने चालते आणि हायफन व अंडरस्कोर यांतला भेदही मिटवते. शो-ऑल-इफ-अँबिग्युअस ऑन केल्यास टॅब दोनदा दाबावी लागत नाही, पहिल्याच दाबाला यादी येते. कलर्ड-स्टॅट्स फाइलच्या प्रकारानुसार रंग देते. सुचवण्या शंभर किंवा त्याहून जास्त असतील तर रीडलाइन आधी विचारते. तो आकडा कंप्लीशन-क्वेरी-आयटम्सने बदलतो. यादी न पाहता एकेक सुचवणी ओळीतच फिरवून हवी असेल, तर टॅब कळ मेनू-कंप्लीटला आणि शिफ्ट-टॅब मेनू-कंप्लीट-बॅकवर्डला बांधावी.

इथे एक खोच आहे. होममध्ये स्वतःची इनपुटआरसी असली की ईटीसी डिरेक्टरीतली सर्वांसाठीची फाइल रीडलाइन वाचत नाही. त्या फाइलमध्ये बांधलेल्या कळा मग अचानक चालेनाशा होतात आणि दोष टर्मिनलवर ढकलला जातो. स्वतःच्या फाइलची पहिली ओळ डॉलर-इन्क्लूडने त्या मूळ फाइलला जोडून घ्यावी. बदल केल्यावर नवे टर्मिनल उघडायची गरज नाही. कंट्रोल-एक्स आणि लगेच कंट्रोल-आर दाबले की फाइल पुन्हा वाचली जाते.

शब्दयादी

समजा ‘नोंद’ नावाची एक कमांड आहे आणि तिच्या तीन सबकमांड आहेत : जोड, काढ, यादी. सगळ्यात सोपी जुळवणी एका ओळीची. कंप्लीट लिहून, कॅपिटल डब्ल्यू हा पर्याय देऊन, अवतरणचिन्हांत तिन्ही शब्द स्पेस सोडून लिहायचे आणि शेवटी कमांडचे नाव द्यायचे. ही ओळ बॅशआरसीमध्ये ठेवली की काम झाले. घरगुती वापराच्या बहुतेक स्क्रिप्टना याहून जास्त काही लागत नाही. फंक्शन लिहायला बसण्याआधी याच ओळीवर चार दिवस काढून पाहावेत.

या पद्धतीच्या दोन मर्यादा आहेत. पहिली, तेच तीन शब्द प्रत्येक जागी सुचवले जातात; ‘नोंद जोड’ लिहून झाल्यावरही पुन्हा जोड, काढ, यादी. दुसरी, फाइलची नावे पुरी होणे बंद पडते, कारण त्या कमांडसाठी नियम लिहिला की बॅश नेहमीची वाट सोडतो. दुसरीवर उपाय आहे : स्मॉल ओ या पर्यायाबरोबर ‘डिफॉल्ट’ लिहिले की यादीत काही जुळले नाही तर फाइलनावांकडे वळले जाते. पहिलीसाठी मात्र फंक्शनच हवे.

फंक्शन

टॅब दाबली की बॅश ते फंक्शन तीन अर्ग्युमेंट देऊन चालवतो : पहिले कमांडचे नाव, दुसरे सध्याचा अर्धवट शब्द, तिसरे त्याच्या आधीचा शब्द. शिवाय काही व्हेरिएबल भरून मिळतात. कॉम्प-वर्ड्स या ॲरेमध्ये ओळीतले सगळे शब्द असतात, कॉम्प-सीवर्डमध्ये कर्सर कितव्या शब्दावर आहे तो आकडा (मोजणी शून्यापासून), कॉम्प-लाइनमध्ये पूर्ण ओळ, कॉम्प-पॉइंटमध्ये कर्सरची जागा. फंक्शनने आपले उत्तर कॉम्प-रिप्लाय या ॲरेमध्ये ठेवायचे. छापून काही दाखवायचे नाही. (पहिल्या चार नावांत हायफनऐवजी अंडरस्कोर असतो, शेवटच्यात काहीच नसते; सगळी अक्षरे कॅपिटल.)

‘नोंद’साठी क्रम असा. आकडा एक असेल तर तिन्ही सबकमांडपैकी जुळणाऱ्या द्यायच्या. आकडा दोन असून ॲरेतला पहिल्या क्रमांकाचा शब्द ‘काढ’ असेल तर फाइलनावे द्यायची. बाकी ठिकाणी उत्तर रिकामे. मग कंप्लीटला कॅपिटल एफ देऊन फंक्शनचे नाव कमांडशी बांधायचे. फंक्शनच्या नावाआधी अंडरस्कोर लावण्याची रीत आहे, म्हणजे ते हाताने चालवायचे नाही हे कळते.

जुळणारे शब्द गाळून घ्यायला कॉम्पजेन ही अंगभूत कमांड आहे. तिला कॅपिटल डब्ल्यूबरोबर यादी, मग दोन डॅश, मग सध्याचा शब्द द्यावा. ते दोन डॅश विसरले आणि वापरणाऱ्याने डॅशने सुरू होणारा शब्द लिहिला, तर कॉम्पजेन तो आपलाच पर्याय समजते आणि प्रॉम्प्टच्या मधोमध चूक छापते. गाळणी वगळून सगळीच यादी कॉम्प-रिप्लायमध्ये ओतणे आणखी वाईट. फंक्शनने दिलेल्या सुचवण्या लिहिलेल्या अक्षरांशी जुळतात का हे पुढे कोणी तपासत नाही; सगळ्या सुचवण्यांत सामाईक असलेला भाग शब्दाच्या जागी बसतो, आणि तो भाग लिहिलेल्या अक्षरांहून लहान असेल तर लिहिलेली अक्षरेही गळू शकतात.

स्पेस असलेली नावे हा कायमचा काच. कॉम्पजेनचे उत्तर कंसात घेऊन सरळ ॲरेला दिले तर बॅश ते स्पेसवरही तोडतो आणि ‘जुने हिशेब’ या एका फाइलच्या दोन सुचवण्या होतात. ओळ ही एक सुचवणी धरण्यासाठी मॅपफाइल कमांड स्मॉल टी पर्यायासह वापरावी. सुचवण्या फाइलनावे असतील तर कंप्लीटला स्मॉल ओबरोबर ‘फाइलनेम्स’ सांगावे, म्हणजे रीडलाइन स्पेसआधी बॅकस्लॅश लावते आणि डिरेक्टरीपुढे स्लॅश टाकते. फाइल नसलेल्या शब्दांना हा पर्याय लावू नये. त्याच नावाची डिरेक्टरी योगायोगाने समोर असली तर शब्दाला उगाच स्लॅश चिकटतो.

कॅपिटल डब्ल्यूच्या यादीबाबत एक गोष्ट फार कमी ठिकाणी सांगितली जाते : यादी तोडल्यावर प्रत्येक शब्दाचे शेल-विस्तारण होते, म्हणजे त्यातल्या व्हेरिएबलच्या जागी किंमत आणि कमांडच्या जागी तिचे उत्तर येते. यादी दुसऱ्याच्या डिरेक्टरीतील फाइलनावांवरून किंवा सर्व्हरवरून आलेल्या मजकुरावरून बनवली आणि त्यात डॉलर-कंसातली कमांड दडलेली असेल, तर टॅब दाबताच ती चालते. बाहेरून आलेली नावे कॅपिटल डब्ल्यूला देऊ नयेत. ती ओळीओळीने वाचून, सुरुवात स्वतः तपासून कॉम्प-रिप्लायमध्ये भरावीत.

सुचवणी एकच उरली की शेवटी स्पेस येते. ‘बरोबर’च्या चिन्हाने संपणाऱ्या पर्यायाला ती नको असते. कंप्लीटवर ‘नोस्पेस’ लावले तर ती सगळीकडूनच जाते, म्हणून फंक्शनच्या आत, शेवटचे अक्षर पाहून, कॉम्पऑप्टने तेवढ्यापुरते नोस्पेस चालू करावे. कॉम्पऑप्ट आणि मॅपफाइल दोन्ही बॅश ४.० पासूनच्या. मॅकओएसबरोबर येणारा बॅश ३.२ चा आहे, त्यामुळे लिनक्सवर नीट चालणारे फंक्शन तिथे ‘कमांड सापडली नाही’ म्हणून पडते.

कोलन आणि ‘बरोबर’

शब्द कुठे तोडायचे ते कॉम्प-वर्डब्रेक्स हे व्हेरिएबल ठरवते, आणि त्यात कोलन व ‘बरोबर’ ही दोन्ही चिन्हे मुळातच असतात. ‘घर:दार’ असा शब्द बॅशला तीन तुकड्यांत दिसतो. टॅबने बदलला जातो तो फक्त कोलननंतरचा तुकडा. फंक्शनने पूर्ण ‘घर:दार’ सुचवले तर ओळीत ‘घर:घर:दार’ उमटते. कोलन त्या व्हेरिएबलमधून काढून टाकणे हा सुचणारा पहिला उपाय आणि तो चुकीचा आहे, कारण व्हेरिएबल पूर्ण शेलसाठी एकच असते आणि इतर कमांडची कंप्लीशन त्यावर विसंबून असतात. सुचवणीतून कोलनपर्यंतचा भाग कापून देणे हा खरा मार्ग. बॅश-कंप्लीशन या प्रकल्पात त्यासाठी तयार मदतनीस फंक्शन आहे.

वेग आणि स्वच्छता

कॅपिटल एफने बांधलेले फंक्शन चालू शेलमध्येच चालते. त्याने डिरेक्टरी बदलली तर वापरणाऱ्याची डिरेक्टरी बदलते. त्याने ‘आय’ नावाचे व्हेरिएबल वापरले तर वापरणाऱ्याचे ‘आय’ पुसले जाते. आतले प्रत्येक व्हेरिएबल लोकल असावे. चुकांचे संदेश डेव्ह-नल या कायम रिकाम्या फाइलकडे वळवावेत. आत चालवलेला प्रोग्राम स्टँडर्ड इनपुट वाचत असेल तर तेही डेव्ह-नलवरून द्यावे, नाहीतर पुढच्या कळा तो गिळतो. फंक्शन प्रत्येक टॅबला नव्याने चालते, म्हणून नेटवर्कवरून यादी आणणारे कंप्लीशन शेल गोठल्यासारखे भासते. अशी यादी फाइलमध्ये साठवून तिचे वय तपासणे बरे. थोडी शिळी यादी चालते, पण अडकलेला प्रॉम्प्ट कोणी सहन करत नाही.

बॅश-कंप्लीशन प्रकल्पात शेकडो कमांडची कंप्लीशन आहेत, पण ती सुरुवातीला लोड होत नाहीत. त्या कमांडपुढे पहिल्यांदा टॅब दाबली की तिच्या नावाची फाइल शोधून वाचली जाते. शोधणारे फंक्शन १२४ हा परतावा देते आणि बॅश पुन्हा प्रयत्न करतो. स्वतःची फाइल होममधल्या डॉट-लोकल, शेअर, बॅश-कंप्लीशन, कंप्लीशन्स या मार्गावर, कमांडच्याच नावाने ठेवावी. आळशी लोडिंगचा फटका एलियसला, म्हणजे कमांडला दिलेल्या दुसऱ्या नावाला, बसतो : मूळ कमांडचे फंक्शन अजून आलेलेच नसते, त्यामुळे एलियसला ते बांधले तरी काही होत नाही. मूळ फाइल आधी वाचून घ्यावी लागते.

क्यूबकंट्रोलसारखी अनेक साधने आपली कंप्लीशन स्क्रिप्ट स्वतःच छापून देतात. ती छापून घेणारी ओळ बॅशआरसीमध्ये घातली तर प्रत्येक नव्या शेलला तो प्रोग्राम चालतो. छापलेली स्क्रिप्ट वरच्या मार्गावर एकदा साठवून, साधन अपडेट केल्यावर नव्याने काढावी.

झेडशेल आणि फिश

झेडशेलमध्ये कॉम्पइनिट चालवल्याशिवाय ही नवी यंत्रणा सुरूच होत नाही. स्वतःची फाइल अंडरस्कोरने सुरू होणाऱ्या नावाची, पहिल्या ओळीत हॅशनंतर कॉम्पडेफ आणि कमांडचे नाव. तिची डिरेक्टरी एफपाथमध्ये (फंक्शन शोधायच्या डिरेक्टरींच्या यादीत) कॉम्पइनिटच्या आधी जोडायची. नंतर जोडली तर काहीही दिसत नाही. क्रम बरोबर असूनही जुनेच कंप्लीशन येत असेल तर होममधली झेडकॉम्पडंप फाइल पुसून शेल पुन्हा सुरू करावा. इतरांना लिहिता येईल अशा डिरेक्टरीबद्दल इशारा आला तर परवानग्या दुरुस्त कराव्यात, तपासणी बंद करू नये. दिसण्याचे सगळे नियम झेडस्टाइलने लिहितात, आणि कंट्रोल-एक्सनंतर स्मॉल एच दाबले की त्या जागी कोणता संदर्भ लागू आहे ते कळते.

फिशमध्ये कॉन्फिग डिरेक्टरीतील फिश, कंप्लीशन्स या जागी कमांडच्या नावाची फाइल ठेवली की पुरते. प्रत्येक सुचवणीसाठी एक कंप्लीट ओळ : स्मॉल सीने कमांड, ए-ने शब्द, डी-ने वर्णन, एन-ने अट, एफ-ने फाइलनावे बंद. फिश मॅन पानांवरूनही (कमांडच्या मदतपानांवरूनही) पर्यायांची कंप्लीशन तयार करू शकतो.

दोष शोधणे

आधी कंप्लीटला स्मॉल पी आणि कमांडचे नाव देऊन पाहावे की नियम लागला आहे का. आळशी लोडिंगमुळे पहिल्या टॅबआधी तो दिसणारच नाही. नियम असून उत्तर येत नसेल तर कॉम्प-वर्ड्स आणि कॉम्प-सीवर्ड हाताने भरून फंक्शन चालवावे आणि कॉम्प-रिप्लाय छापावा. तरी उलगडा न झाल्यास सेट-एक्स (चालणारी प्रत्येक कमांड छापणारा पर्याय) चालू करून त्याचा मजकूर बॅश-एक्सट्रेसएफडीने फाइलकडे वळवावा आणि दुसऱ्या टर्मिनलमध्ये ती फाइल पाहावी.

मराठी फाइलनावांबाबत एक वेगळाच दोष भेटतो. ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये एकाच संकेताने किंवा ‘र’ आणि नुक्ता अशा दोन संकेतांनी लिहिता येते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. लिनक्सवर तुलना बाइटची होत असल्याने एका रीतीने टाइप केलेल्या अक्षरांना दुसऱ्या रीतीने नाव दिलेली फाइल जुळत नाही, आणि टॅब गप्प बसते. नावातला ‘ऱ’ येण्याआधीच टॅब दाबावी, किंवा फाइलचे नाव एकदाच बदलून एका संकेतात आणावे.